अन्नछत्र, परिवेण आणि कॉलेज : धर्मानंद कोसंबी यांच्या ‘निवेदना’तील विद्यार्थिदशा

१.

मराठीतील परदेशी शिक्षणाच्या लेखनाचा विचार बहुधा पश्चिमेकडे तोंड करून केला जातो. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला गेल्या, त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे ‘इंग्लंडचा प्रवास’ हे पत्ररूप लेखन प्रसिद्ध झाले, आणि १८८९ मध्ये त्यांचे अमेरिकेवरील पुस्तक आले. या टप्प्यांवरून सरळ रेषा ओढून ती विसाव्या शतकातील विलायतेच्या आठवणींपर्यंत आणि पुढे अमेरिकेतील विद्यापीठांच्या अनुभवकथनांपर्यंत नेण्याची प्रथा आहे. ही रेषा चुकीची नाही. पण ती अपुरी आहे. समुद्र ओलांडून पश्चिमेस जाणे म्हणजेच परदेशी शिकणे, असे तिच्यात गृहीत धरलेले असते. त्यामुळे विद्येसाठी घर, भाषा आणि जातीची ओळखीची चौकट सोडणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने पूर्वापार जो पहिला ‘परदेश’ अनुभवला, तो या इतिहासातून वगळला जातो. तो परदेश म्हणजे काशी.

धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांचे ‘निवेदन’ हे आत्मकथन या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. १९२४ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या या पुस्तकाची चर्चा आजवर मुख्यतः दोन अंगांनी झाली. आधुनिक भारतातील बौद्ध विद्येच्या पुनरुज्जीवनाचे साधन म्हणून अभ्यासकांनी त्याचा उपयोग केला, आणि एका निःस्पृह पुरुषाचे चरित्र म्हणून वाचकांनी त्याचा आदर केला. मीरा कोसंबी यांनी २०११ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद सिद्ध केल्यानंतर त्याचा वाचकवर्ग विस्तारला. तरी ‘निवेदन’ हे प्रथमतः एका विद्यार्थ्याचे कथन आहे, या साध्या गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पुणे, काशी, नेपाळ, कोलंबो, ब्रह्मदेश, कलकत्ता आणि शेवटी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ असा या विद्यार्थ्याचा मार्ग आहे. औपचारिक पदवी नसलेला, गोव्यातील सांखवाळ गावचा हा तरुण तीन अगदी भिन्न विद्यासंस्थांच्या आवारात वावरला: काशीतील गुरुगृह व अन्नछत्र, सिंहलद्वीपातील परिवेण आणि अमेरिकेतील कॉलेज. या तिन्ही ठिकाणची विद्यार्थिदशा एकाच कथनात शेजारी-शेजारी येते, हे ‘निवेदना’चे मराठीतील वेगळेपण होय. प्रस्तुत विवेचनात या तीन आवारांची तुलना करून, त्यातून परदेशी शिक्षणाच्या मराठी कथनाविषयी कोणते प्रश्न उभे राहतात, याचा शोध घेतला आहे.

२.

काशी मराठी माणसाला परकी होती काय, हा आक्षेप येथे प्रथम विचारात घ्यावा लागतो. गंगेच्या घाटांवरील महाराष्ट्राच्या खुणा सर्वपरिचित आहेत. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्याने सोळाव्या शतकापासून काशीच्या धर्मशास्त्रीय विद्वत्तेवर आपली मुद्रा उमटविली. त्याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला. एकनाथांनी आपले भागवत शके १४९५ मध्ये काशीतच पूर्ण केले. व्याकरणशास्त्रातील नागेशभट्ट हे महाराष्ट्रीयच. आजचे विश्वनाथ मंदिर अहल्याबाईंनी १७८० मध्ये उभारले, आणि शिंदे, भोसले, होळकर व पेशवे यांच्या आश्रयाने घाट, वाडे आणि अन्नछत्रे उभी राहिली. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या परिसरात मराठी बोली पिढ्यान्‌पिढ्या नांदली. अशा नगरीला ‘परदेश’ म्हणणे अतिशयोक्त वाटू शकेल.

परंतु तीर्थ म्हणून काशी आपली असणे आणि विद्यार्थी म्हणून काशीत राहता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. यात्रेकरू येतो, विधी करतो, गंगाजल घेऊन परततो. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत फिरलेल्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मधील काशी ही अशी तीर्थरूप काशी आहे. विद्यार्थ्याला मात्र वर्षानुवर्षे टिकून राहावयाचे असते. त्याला रोजचे अन्न, झोपण्यापुरती जागा आणि शिकवण्यास राजी असलेला गुरू हवा असतो. या तिन्ही गोष्टी काशीत विनामूल्य मिळत. विनाअट मिळत नसत. अन्नछत्राची पंगत ही जातीची पंगत होती. गौड सारस्वतांच्या ब्राह्मण्याविषयी दाक्षिणात्य पंडितांत चालत आलेला जुना वाद ध्यानात घेतला, म्हणजे गोव्याच्या सारस्वत विद्यार्थ्याला काशीतील ‘आपली’ माणसे किती आपली होती, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. भाषा एक, दैवते एक, आणि तरीही पंक्तीतले स्थान अनिश्चित. ही परकेपणाची एक विशेष तऱ्हा आहे. विलायतेत मराठी विद्यार्थी सर्वांनाच सारखा परका असतो. काशीत त्याचे परकेपण त्याच्याच भाषेत त्याला सांगितले जाते.

कोसंबी काशीला पोहोचले ते १९०० मध्ये. त्यांचे उद्दिष्ट वेदान्त किंवा धर्मशास्त्र नव्हते. ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र वाचून जागे झालेले कुतूहल त्यांना घराबाहेर घेऊन आले होते, आणि बुद्धाच्या धर्मापर्यंत जाण्याची वाट संस्कृतातून जाते अशी त्यांची समजूत होती. म्हणजे बुद्धाकडे निघालेला हा तरुण वैदिक विद्येच्या राजधानीत, ब्राह्मणी अन्नछत्राच्या आश्रयाने, गंगाधरशास्त्री तैलंग यांच्यासारख्या महामहोपाध्यायांकडे व्याकरण आणि साहित्य शिकत होता. सारनाथ तेथून काही कोसांवर. पण तेथे त्या काळी शिकवणारे कोणी नव्हते. १९३१ मधील मूलगंधकुटी विहार किंवा १९६७ मधील तिबेटी अध्ययनाची केंद्रीय संस्था या पुढच्या गोष्टी होत. बुद्धाने जेथे पहिला उपदेश केला त्या ठिकाणाच्या इतक्या जवळ राहूनही पाली शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागणे, या विसंगतीवर ‘निवेदना’च्या पूर्वार्धाची सारी रचना उभी आहे. तिच्यावर वेगळे भाष्य करण्याची गरज लेखकाला भासलेली नाही, हेही त्याच्या शैलीशी सुसंगतच आहे.

काशीतील या विद्यार्थिजीवनाला आजच्या अर्थाचे ‘कॅम्पस’ नाही. १७९१ मध्ये स्थापन झालेले सरकारी संस्कृत कॉलेज होते, १८९८ मध्ये सेंट्रल हिंदू कॉलेज निघाले होते; पण पारंपरिक विद्यार्थ्याचे आवार म्हणजे सबंध शहर. सकाळी घाट, मग गुरूचे घर, दुपारी अन्नछत्र, आणि रात्री कोणाच्या तरी वाड्यातील कोपरा. शाळा, खानावळ आणि वसतिगृह येथे एका भिंतीच्या आत नाहीत. ती गल्लीबोळांतून विखुरलेली आहेत, आणि त्यांना जोडणारा दुवा म्हणजे विद्यार्थ्याचे पाय. विद्यार्थिदशा ही संस्थेत दाखल होऊन मिळवावयाची पदवी नसून दररोज नव्याने सिद्ध करावयाची पात्रता आहे, ही जाणीव ‘निवेदना’तील काशीच्या भागाला व्यापून राहते.

३.

१९०२ मध्ये कोसंबी नेपाळला गेले. तेथील बौद्ध धर्माच्या अवस्थेने निराश होऊन ते बोधगयेमार्गे कलकत्त्यास आणि तेथून सिंहलद्वीपास पोहोचले. कोलंबोतील माळिगाकंद येथील विद्योदय परिवेण हे त्यांचे दुसरे आवार. हिक्कडुवे श्री सुमंगल महास्थविर यांनी १८७३ मध्ये स्थापिलेली ही संस्था नावाने जुन्या पद्धतीचा विहारविद्यालय-प्रकार असली, तरी प्रत्यक्षात ती आशियातील एक आंतरराष्ट्रीय महाविद्यालयच होती. ब्रह्मदेश, सयाम आणि इतर बौद्ध देशांतून भिक्षू तेथे येत. पाली ही तेथील अध्ययनाची भाषा आणि पुष्कळदा परस्परसंवादाचीही. युरोपातील पाली अभ्यासकही सुमंगलांशी पत्रव्यवहार करीत.

परदेशी शिक्षणाचा मराठी इतिहास लिहिताना विद्योदयचा उल्लेख टाळला जातो, याचे कारण शोधण्यासारखे आहे. ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाचा अर्थ आपण नकळत ‘पाश्चात्त्य’ असा लावतो. वस्तुतः विसाव्या शतकाच्या आरंभी गोव्याच्या एका तरुणाला निरनिराळ्या आशियाई देशांतील सहाध्यायांसोबत, त्यांपैकी कोणाचीच मातृभाषा नसलेल्या एका विद्याभाषेतून शिकण्याची संधी कोलंबोत मिळाली. ज्याला आज आंतरराष्ट्रीय कॉलेजचे जीवन म्हटले जाते, त्याची लक्षणे येथे स्पष्ट दिसतात: मिश्र सहवास, मधली भाषा, वेगळे अन्न, वेगळा वेश आणि नव्याने दिलेली ओळख. सुमंगलांकडून श्रामणेर-दीक्षा घेतल्यावर कोसंबींच्या बाबतीत वेश आणि ओळख हे दोन्ही शब्दशः बदलले.

अन्नाचा प्रश्न येथे पुन्हा पुढे येतो, पण उलटा होऊन. काशीत प्रश्न होता तो पंक्तीत कोणाला बसू द्यावयाचे हा; कोलंबोत पंक्ती सर्वांना खुली होती, पण ताटातले अन्न पोटाला मानवत नव्हते. काशीत जात आड येत होती, येथे सवय आणि शरीर. सिंहलद्वीपातील आहार न सोसल्यामुळे १९०३ मध्ये कोसंबींना ते आवार सोडून मद्रासला आणि पुढे ब्रह्मदेशात जावे लागले. तुलनात्मक अभ्यासकाला येथे दोन कथने सहज आठवतील. गांधींच्या आत्मकथेतील १८८८ नंतरचे लंडन हे बव्हंशी शाकाहारी भोजनाच्या शोधाचे लंडन आहे. आईला दिलेल्या वचनातून सुरू झालेला तो शोध पुढे वैचारिक निष्ठेत आणि मंडळ-संघटनेत परिणत होतो. आनंदीबाई जोशींच्या अमेरिकेतील वास्तव्याची हकिकतही स्वयंपाक, थंडी आणि साडी यांच्याभोवती फिरते. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन हा त्यांचा निर्धार त्या रोजच्या ताटात आणि वस्त्रात पाळत होत्या. गांधींच्या कथनात अन्न हे तत्त्व बनते आणि आनंदीबाईंच्या जीवनात ते अस्मितेचे व्रत बनते. कोसंबींच्या कथनात मात्र ते अडचणच राहते. त्याला प्रतीकाचा दर्जा देण्याचे त्यांनी नाकारले आहे. प्रकृती बिघडली, म्हणून जागा सोडली: एवढेच. हा नकार साधा दिसतो, पण ज्या काळात सागरोल्लंघन करणाऱ्या प्रत्येक हिंदूच्या ताटावर समाजाची नजर होती, त्या काळात अन्नाबद्दल निव्वळ व्यावहारिक भाषेत लिहिणे हीच एक भूमिका ठरते.

४.

तिसरे आवार हार्वर्डचे. १९०६ मध्ये भारतात विद्यादानास आरंभ केल्यानंतर कोसंबींनी कलकत्ता विद्यापीठात पालीचे अध्यापन केले. पुढे सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य स्वीकारून ते महाराष्ट्रात काम करण्यासाठी परतले. १९१० मध्ये हार्वर्डचे जेम्स वुड्स यांच्या मध्यस्थीने त्यांना अमेरिकेचे बोलावणे आले. हेन्री क्लार्क वॉरन यांनी १८९९ मध्ये मृत्यूपूर्वी अपुरे ठेवलेले बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’चे संपादन चार्ल्स लॅनमन यांना पुरे करावयाचे होते, त्यासाठी मूळ परंपरेत शिकलेला माणूस हवा होता.

या टप्प्यावर विद्यार्थी आणि गुरू यांच्या भूमिका गुंतागुंतीच्या होतात. कोसंबी हार्वर्डला गेले ते विद्यार्थी म्हणून नव्हे; पण पदवी नसलेल्या माणसाला तेथे प्राध्यापकही म्हणता येत नव्हते. ज्ञान त्यांच्यापाशी होते, अधिकार संस्थेपाशी होता. काशीत गुरूच्या घरी अधिकार आणि ज्ञान एकाच व्यक्तीत एकवटलेले असत. परिवेणात महास्थविरांच्या ठायीही तसेच. पाश्चात्त्य विद्यापीठात ही दोन सूत्रे वेगळी झाली, आणि संपादनाच्या श्रेयाविषयी लॅनमन यांच्याशी मतभेद झाल्यावर १९१२ मध्ये कोसंबी काम अपुरे टाकून परतले. १९१८ ते १९२२ या काळात ते पुन्हा गेले, पुन्हा तोच वाद झाला. १९२६–२७ मधील तिसऱ्या वास्तव्यात संपादन पुरे झाले. पण हार्वर्ड ओरिएंटल सिरीजमध्ये ग्रंथ छापून आला तो १९५० मध्ये, कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन आणि संशोधक-दुरुस्तीकार म्हणून कोसंबी अशी विभागणी आहे. दरम्यान १९४० मध्ये कोसंबींनी स्वतःची देवनागरी आवृत्ती मुंबईत प्रसिद्ध केली होती, आणि त्या ग्रंथावरील त्यांची पाली ‘दीपिका’ १९४३ मध्ये सारनाथहून निघाली. ज्या सारनाथपाशी विद्यार्थिदशेत त्यांना पालीचा शिक्षक मिळाला नव्हता, तेथून त्यांची स्वतःची पाली टीका प्रकाशित व्हावी, हे वर्तुळ ‘निवेदना’च्या बाहेर, पण त्याच जीवनात पुरे झाले.

या प्रकरणाकडे केवळ वसाहतकालीन अन्यायाची कथा म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु तसे वाचन ‘निवेदना’च्या प्रकृतीला मानवत नाही. अमेरिकेत कोसंबींना समाजवादी विचारांचा परिचय झाला, तेथील सार्वजनिक जीवनाची त्यांनी नोंद घेतली आणि तेथील ग्रंथसंग्रहांचा पूर्ण उपयोग केला. काशीच्या अन्नछत्राप्रमाणेच हार्वर्डनेही त्यांना आश्रय दिला आणि अट घातली. अट पंक्तीची असो वा मुखपृष्ठाची, विद्येच्या प्रत्येक आवाराला एक उंबरठा असतो, ही बाब या तीन संस्थांच्या तुलनेतून निष्पन्न होते. कोसंबींनी एकाही उंबरठ्याला पवित्र मानले नाही, आणि एकाही आवाराचा तिरस्कारही केला नाही. पौर्वात्य गुरुकुलाचे गौरवीकरण किंवा पाश्चात्त्य विद्यापीठाचे आकर्षण, यांपैकी एका टोकाला जाणाऱ्या मराठी आठवणींच्या तुलनेत हा समतोल दुर्मीळ आहे.

५.

येथवरच्या विवेचनात ‘निवेदना’ची थोरवी दिसली; त्याच्या मर्यादांचा विचारही तितकाच आवश्यक आहे, कारण त्या मर्यादा एकट्या या पुस्तकाच्या नाहीत, तर विद्यार्थिकथनाच्या सबंध परंपरेच्या आहेत.

कोसंबींनी १८९९ च्या अखेरीस घर सोडले तेव्हा त्यांची मुलगी माणिक तान्ही होती. पत्नी बाळाबाई माहेरच्या आश्रयास राहिल्या. त्यानंतरची सुमारे सात वर्षे कथनात विद्येच्या शोधाची वर्षे आहेत. घरात ती वाट पाहण्याची वर्षे होती. संसार सोडल्याची बोच कोसंबींना नव्हती असे म्हणता येणार नाही. ते परतले, संसार पुन्हा सुरू झाला, आणि १९१८ च्या प्रवासात माणिक व दामोदर ही मुले त्यांच्याबरोबर अमेरिकेस गेली. तरीही कथनाच्या रचनेत बाळाबाईंच्या काळाला स्थान नाही. विद्यार्थ्याचे स्वातंत्र्य ज्या अनुपस्थित व्यक्तीच्या बंधनावर उभे असते, तिचा काळ लिहिण्याची सोय या वाङ्मयप्रकारात नसते.

राहुल सांकृत्यायन यांच्या ‘मेरी जीवन यात्रा’शी तुलना येथे उद्‍बोधक ठरते. आझमगढ जिल्ह्यात १८९३ मध्ये जन्मलेल्या राहुलजींचा मार्ग कोसंबींच्या मार्गाशी विलक्षण समांतर आहे: बालविवाह, गृहत्याग, काशीतील संस्कृत अध्ययन आणि १९२७–२८ मध्ये सिंहलद्वीपातील विद्यालंकार परिवेणात पालीचा अभ्यास. विद्यालंकार हे विद्योदयाचेच भावंड. १८७५ मध्ये स्थापन झालेले. दोघांच्याही कथनाचा पाया घरी राहिलेल्या पत्नीच्या मौनावर आहे. फरक असा, की राहुलजी तो विवाह नाकारतात आणि भटकंतीलाच जीवनमूल्य बनवितात. १९४८ मधील ‘घुमक्कड शास्त्र’ हे त्या मूल्याचे शास्त्रच होय. कोसंबींना भटकंतीचे अप्रूप नाही. त्यांच्या लेखी प्रवास हे साधन आहे. पोहोचावयाचे ठिकाण ठरलेले आहे, आणि परतावयाचेही. काशी राहुलजींना शेजारच्या जिल्ह्यातील नगरी आहे, म्हणून ती त्यांच्या कथनात पहिली पायरी ठरते. कोसंबींना ती पहिला परदेश आहे, म्हणून ती त्यांच्या कथनात पहिली परीक्षा ठरते.

उलट दिशेने पाहिले तर आनंदीबाई जोशींचे उदाहरण समोर येते. येथे प्रवास स्त्रीने केला. १८८३ च्या एप्रिलमध्ये अठराव्या वर्षी कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या. त्यांना आपली कथा लिहिण्यास अवधी मिळाला नाही. ती प्रथम कॅरोलाइन डॉल यांनी इंग्रजीत, मग १८८९ मध्ये काशीबाई कानिटकरांनी मराठीत आणि पुढे १९६८ मध्ये श्री. ज. जोशी यांनी ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीतून लिहिली. प्रवास करणाऱ्या पुरुषाने स्वतःचे निवेदन लिहिले आणि घरी राहिलेल्या स्त्रीचे निवेदन झाले नाही. प्रवास करणाऱ्या स्त्रीचे निवेदन मात्र इतरांनी केले. मराठीतील परदेशी विद्यार्जनाच्या कथनाचा हा विषम पट लक्षात घेतल्याशिवाय ‘निवेदना’चे मूल्यमापन पुरे होत नाही. या पटावर पंडिता रमाबाईंचे लेखन हा ठळक अपवाद आहे, आणि तो अपवाद असल्यामुळेच नियम अधिक स्पष्ट दिसतो.

६.

‘निवेदन’ या शीर्षकाचा विचार शेवटी करणे उचित होईल. ते ‘आत्मचरित्र’ नाही, ‘आठवणी’ही नाही. निवेदन कोणापुढे तरी करावयाचे असते. त्यात हिशेब देण्याचा भाव असतो. कोसंबी ज्यांनी आश्रय दिला, शिकविले, पैसे दिले त्यांच्या नोंदी काळजीपूर्वक करतात. काशीतील पंगत, कोलंबोतील कोठी, बडोद्याचे पन्नास रुपये या साऱ्या देण्यांचा जणू ताळेबंद मांडला जातो. फुकट मिळालेल्या विद्येचे ऋण समाजापुढे कबूल करणे हे या कथनाचे अंतःसूत्र आहे. म्हणूनच त्याची भाषा अलंकारविरहित आहे. हिशेबाच्या वहीत उपमा नसतात.

या भूमिकेचे महत्त्व पुढील मराठी विद्यार्थिकथनाशी ताडून पाहता येते. १९६३ मधील ‘कोसला’त पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या कॉलेजात जातो, तेथेही वसतिगृह, मेस आणि पैशांचा हिशेब केंद्रस्थानी आहे. परंतु तेथे हिशेब वडिलांशी आहे आणि तो कधीच जुळत नाही. पांडुरंग पदवीशिवाय सांगवीस परततो. कोसंबींनाही पदवी नव्हती. एकाला आवाराने रिकाम्या हातांनी परत पाठविले, दुसऱ्याने आवारे पालथी घालून हात भरून आणले. हा केवळ दोन व्यक्तिमत्त्वांतील फरक नाही. अन्नछत्रावर जगणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षण हे ऋण वाटते. वडिलांच्या मनिऑर्डरीवर जगणाऱ्याला ते ओझे वाटू शकते. विद्येचा खर्च कोण उचलतो, यावर विद्यार्थिकथनाचा सूर अवलंबून असतो, हे सूत्र या दोन भिन्न संहितांच्या तुलनेतून हाती लागते. शिष्यवृत्ती, कर्ज किंवा कुटुंबाची बचत यांवर परदेशी शिकणाऱ्या आजच्या मराठी विद्यार्थ्यांचे लेखन वाचतानाही ते सूत्र उपयोगी पडेल.

‘निवेदना’नंतरचा एक तपशील वाराणसीशी निगडित आहे. कोसंबींचे चिरंजीव दामोदर हार्वर्डची पदवी घेऊन १९२९ मध्ये भारतात परतले, आणि त्यांची पहिली नेमणूक झाली ती बनारस हिंदू विश्वविद्यालयात, गणिताचे अध्यापक म्हणून. १९३१ पर्यंत ते तेथे होते. ज्या नगरीत पित्याने पंगतीतल्या जागेसाठी आपली पात्रता सिद्ध केली, त्याच नगरीत १९१६ मध्ये उभ्या राहिलेल्या विश्वविद्यालयाच्या आखीव आवारात पुत्र हार्वर्डचा पदवीधर म्हणून शिकवू लागला. तीस वर्षांत काशीचे आवार बदलले आणि परदेशाची दिशाही उलटली. पित्याचा मार्ग काशीहून हार्वर्डकडे गेला होता, पुत्राचा हार्वर्डहून काशीकडे आला. स्वतः धर्मानंदही १९३० नंतरच्या दशकात काशीस येऊन राहिले आणि तेथे त्यांनी लेखन केले.

परदेशी शिक्षणाचा मराठी इतिहास लिहिताना म्हणूनच नकाशा पुन्हा आखावा लागेल. त्यात फिलाडेल्फिया आणि लंडनच्या बरोबरीने माळिगाकंद असेल, आणि या सर्वांच्या आधी गंगेकाठच्या त्या गल्ल्या असतील, जेथे दक्षिणेतून आलेला विद्यार्थी पहिल्यांदा आपल्याच भाषेत परका झाला. त्या परकेपणाची सर्वांत प्रामाणिक नोंद ‘निवेदना’त आहे. बाळाबाईंची नोंद त्यात नाही. तुलनात्मक अभ्यासाला या दोन्ही विधानांचा एकाच वेळी स्वीकार करूनच पुढे जाता येईल.